लेकीसाठी केलेलं रेंडांग

रोजा असला की युसनिमार मांस न चाखता शिजवायची, तरी तिचं मीठ कधी चुकलं नाही. चाळीस वर्षं गावातल्या लग्नांच्या कढया तिच्या नाकावर चालल्या. नवरा गेला. दोघं मुलगे रिवाजाप्रमाणे परमुलखात पोटापाण्याला लागले, ते तिनं मनाला लावून घेतलं नाही. मुलगे जायचेच, आमच्याकडे घर असतं लेकीचं. पण देफ्रिना, तिची एकुलती एक लेक, बाताम बेटावरच्या कारखान्यात नोकरीला लागली आणि तीन वर्षं ईदला फिरकली नाही. तेव्हापासून घर खायला उठायचं.

यंदा मात्र ती येते म्हणाली होती. सुट्टी पक्की झाली की दुपारपर्यंत फोन करणार होती. ईदला दोन दिवस उरले होते.

युसनिमारनं पहाटेच रेंडांगाची कढई चढवली. नारळाचं दूध, वाटलेली मिरची, गवती चहा, हळदीचं पान आणि चांगलं तीन किलो म्हशीचं मांस. देफ्रिनाला भातावर दाट रस्सा लागायचा, म्हणून अकराच्या सुमाराला रस्सा ओला असतानाच तिनं कढई उतरवून झाकली. परगावी पाठवायचं रेंडांग पार काळं, कोरडं होईपर्यंत परतावं लागतं, तरच ते महिनाभर टिकतं. ओलं खायला माणूस घरी हवं.

युसनिमारला थोरल्या बहिणीच्या मानानं उनी म्हणणारी शेजारची रोस्मानी पायऱ्यांवरूनच ओरडली, "उनी, कढई उतरवलीस? म्हणजे बाईसाहेब येतायत तर!"

"मग काय तुझ्यासाठी रांधलं?"

"मला मेलीला कोण विचारतंय! पण यंदा तिला नवरा बघूनच सोड हो."

"आधी येऊ तर दे," युसनिमार म्हणाली खरी, पण हसू तिला आवरत नव्हतं.

बाराला फोन वाजला. लेकीचाच होता.

"आमाक, रागावू नकोस हं. सुट्टी रद्द झाली. सगळ्यांचीच झालीय."

"बरं."

"पुढच्या वर्षी नक्की येते."

"बरं."

"रेंडांग पाठवशील ना? इथल्या मुली वाट बघतात गं."

"पाठवते. ठेव आता, कढई लागेल."

कढई चुलीशेजारी गार होत होती. युसनिमारला लेकीचा राग आला, मग त्या रागाचीच लाज वाटली. पोर काय मजा मारायला राहिली होती तिथे? तिनं जळणातली दालचिनीची दोन लाकडं चुलीत सरकवली, कढई पुन्हा चढवली आणि उलथणं हातात घेतलं. रस्सा आटला, तेल सुटलं, तांबडं मांस हळूहळू काळवंडलं. हात भरून आला तरी ती थांबली नाही.

कोरड्या रेंडांगाचा वास ओल्यासारखा नसतो, आणि आमच्या आळीत त्याचा अर्थ कुणाला सांगावा लागत नाही. तीनच्या सुमाराला रोस्मानी आली. या खेपेला पायऱ्यांवरून ओरडली नाही. गुमान शेजारी बसली आणि तिनं हात पुढे केला.

"आण इकडे, उनी. मी परतते थोडा वेळ. सकाळपासून उभी आहेस."

युसनिमारनं उलथणं सोडलं नाही.

"राहू दे गं," ती म्हणाली. "तिच्यासाठी करण्यासारखं एवढंच उरलंय माझ्याकडे."