न आलेल्या वादळाची खूण

समुद्रापासून इतक्या लांब, सोलापुरात बसून बंगालच्या उपसागरातल्या वादळांचा अंदाज सांगायचा म्हटल्यावर किस्से साचणारच. आमचं शेतकऱ्यांना हवामान सल्ला देणारं ऑफिस हेच काम करतं.

शुक्रवार पेठेतल्या शेजारच्या काकूंना मिरच्या वाळवायच्या होत्या.

"उपसागराचं ऱ्हाऊ दे, आमच्या गच्चीवर पाऊस हाय का तेवढं सांग."

मी समजावलं, अंदाज काढणाऱ्या संगणकातल्या मॉडेलच्या एकाच चौकोनात तुमची गच्ची, सगळी पेठ आणि पार मंद्रूपपर्यंतचा भाग येतो.

"बरं झालं. मंद्रूपला बहीण हाय, तिलाबी हेच कळवते."

*

आमचे देशमुख सर मॉडेलनं दाखवलेलं प्रत्येक वादळ भिंतीवरच्या नकाशात पेन्सिलनं मांडतात. एकदा एक वादळ सोमवारी आंध्रच्या किनाऱ्याजवळ तयार होणार होतं, मंगळवारी ओडिशाजवळ, बुधवारी कुठंच नाही. सरांनी एकही खूण पुसली नाही. त्यांचा नियम एकच: दोन मॉडेलं सलग दोन दिवस एकच बोलली, तरच शेतकऱ्याला फोन.

*

तो नियम मी मोडला. मंगळवेढ्याच्या दत्तूतात्यांचा फोन आला होता. ज्वारीची पेरणी करायची होती, ओल चांगली होती. त्याच सकाळी एका मॉडेलनं आंध्रच्या किनाऱ्याजवळ वादळ दाखवलं होतं. पेरणीवर मोठा पाऊस पडला की माती आवळते आणि कोंब वर येत नाही. दुसरं मॉडेल गप्प होतं, पण मला भीती वाटली.

"तात्या, थांबा," मी सांगून टाकलं.

तिसऱ्या दिवशी वादळ मॉडेलमधून गायब. वर कडक ऊन, रानातली ओल उडाली. सर रागावले नाहीत. "ती खूण तेवढी पुसू नकोस," म्हणाले. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

*

महिन्याभरानं एसटीनं मंगळवेढ्याला गेलो, माफी मागायला. तात्या मला थेट रानात घेऊन गेले. बांधाच्या अलीकडं ज्वारी गुडघ्याला आली होती, पलीकडं नुसती काळी ढेकळं.

"तुमचा फोन झाल्यावर निम्मंच पेरलं," तात्या म्हणाले.

मला हायसं वाटलं आणि थोडं लागलंही. "म्हणजे माझ्यावर विश्वास नव्हता तर."

तात्यांनी ढेकळांकडं बघितलं.

"व्हता की. न्हायतर समदंच पेरलं असतं."