चार बोटं पाणी

१७ एप्रिलला दाजींनी सहा हजार चारशे पन्नास रुपये देऊन एक मासा घेतला. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी बरोबर होतो, कारण गाडी माझी होती, आणि ताईने मला बजावलं होतं, "पाचच्या वर जाऊ देऊ नकोस त्यांना." ते माझ्याच्याने झालं नाही.

दाजींचं आयुष्य लेथ मशीनवर गेलं. वर्कशॉप बंद पडलं, त्या वर्षी त्यांनी घरामागच्या अंगणात स्वतःच्या हातांनी खड्डा खणला, सिमेंट लावलं, पाइप टाकले आणि कोई मासे पाळायला सुरुवात केली. हे हातभर लांब वाढणारे रंगीत मासे नीट सांभाळले तर पंचवीस-तीस वर्षं जगतात. तेव्हा ताई चिडून म्हणाली होती, "नोकरी गेली की लोक दुसरी नोकरी शोधतात, यांनी डबकं शोधलं." पण दोनेक महिन्यांनी तिनेच मला बाजूला घेऊन सांगितलं, "हे मासे आहेत म्हणून हा माणूस सकाळी अंथरुणातून उठतो. तू काही बोलू नकोस."

तळ्यात अकरा मासे होते. त्यांतला सगळ्यांत जुना मासा पांढरा होता, डोक्यावर तांबडा डाग असलेला. डाग वर्षागणिक फिकट होत गेला, म्हणून ताई तिला म्हातारी म्हणायची. दाजी सकाळी काठावर उकिडवे बसले की म्हातारी येऊन त्यांच्या बोटांतून दाणे खायची. बाकीचे मासे दाजींनी पाळले होते. हिच्याबद्दल मात्र ते 'पाळली' असं कधी म्हणाले नाहीत.

मासा निवडण्याची त्यांची पद्धत दुकानदारांना वैताग आणणारी होती. त्या दिवशी दुकानदाराने एका टाकीतला काळा-तांबडा मासा दाखवला.

"हा घ्या काका. रंग बघा, आत्ता ब्रश मारल्यासारखा."

"रंग राहू दे. आधी चालवून दाखव."

"मासा आहे काका, घोडा नाही."

"म्हणून तर. घोडा लंगडला की निदान दिसतो."

दाजी अर्धा तास त्या टाकीसमोर उभे होते. काळा-तांबडा मासा कोपऱ्यात थांबून राहत होता, पंख अंगाला चिकटवून. दाजींनी मान हलवली. मग एक साधा पिवळा मासा त्यांनी बोटाने दाखवला. पाठ रुंद, डोक्यापासून शेपटीपर्यंत अंग एकसारखं निमुळतं होत गेलेलं, पोहताना कुठे वाकडेपणा नाही. पारदर्शक पिशवीत घेऊन त्यांनी तो उजेडात धरला. पोटाखाली जखम आहे का ते पाहिलं, दोन्ही कल्ले सारखे उघडतात का ते पाहिलं. मग खिशात हात घातला. मी भाव कमी करायला सांगितलं, तर म्हणाले, "तू ऑफिसात कर हिशेब. इथे मला बघू दे."

नवा मासा सरळ तळ्यात सोडायचा नाही, हा त्यांचा नियम होता. तीन आठवडे तो वेगळ्या टबात ठेवायचा. त्याच्या अंगावर बाहेरून दिसत नाहीत असे किडे असले तर ते तेवढ्यात कळतात. तळ्यात गेले की एका माशाचं दुखणं सगळ्यांचं होतं. टबाचं पाणी रोज थोडं काढायचं, त्याऐवजी तळ्यातलं घालायचं. तळं कमी झालं की पिंपातलं पाणी सोडायचं. पिंप एवढ्यासाठी की नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, आणि क्लोरीन माशाचे कल्ले जाळतो. पिंपात दिवसभर हवा सोडून ठेवली की तो उडून जातो.

आता त्यांच्या कानांबद्दल. लेथच्या आवाजाने दोन्ही गेले होते, उजवा जास्त. मुलीने आणून दिलेलं कानाचं मशीन कपाटात होतं. ताई म्हणायची, "यांना हाक मारायची तर पत्र टाकावं लागतं." पण दाजींचा स्वतःच्या ऐकण्यावर भरवसा होता. वर्कशॉपातली सवय होती. स्क्रू ड्रायव्हरचं टोक तळ्याच्या पंपावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची. बेअरिंग खरखरतं का ते त्यांना बरोबर कळायचं. पंप ठीक आहे म्हणजे तळं ठीक आहे, असं त्यांच्या डोक्यात पक्कं होतं.

मासा आणल्यानंतरच्या एका रविवारी दुपारी मी सहज गेलो होतो. ताई ओट्यावर भांडी पुसत होती. मागचं दार उघडं होतं. दाजी टबाशी स्टुलावर बसले होते, तळ्याकडे पाठ करून.

"दोन दिवस झाले, असेच बसलेत," ताई म्हणाली. "तो पिवळा टबाला अंग घासतोय म्हणे. दोन घास खाल्ले की परत तिथेच. माझं अंग घासून सालटं निघाली तरी एवढं बघणार नाहीत."

मी हसलो आणि अंगणात गेलो. मला पाण्याचा आवाज आला.

तळ्याच्या टोकाला नळाचा हिरवा पाइप पडला होता आणि त्यातून धो धो पाणी येत होतं. अंगण कोरडं होतं. जास्तीचं पाणी गटारात जावं म्हणून दाजींनी काठाला एक पाइप बसवला होता, आणि तो इतका नेटका होता की बाहेर एक थेंब सांडला नव्हता. मासे सगळे दुसऱ्या टोकाला होते. तोंडं पाण्याबाहेर काढून उघडझाप करत होते. एक लहान मासा आडवा झाला होता.

मी ओरडलो. दाजी वळले नाहीत. मी जाऊन त्यांच्या खांद्याला धरलं आणि बोट दाखवलं.

त्यांनी एकदा पाहिलं आणि पळत जाऊन नळ बंद केला. "पिंप रिकामं होतं," ते म्हणाले. "चार बोटं पाणी घालायचं होतं. फक्त चार बोटं. तेवढं नळाचं चालतं. मी म्हटलं, तोवर याला बघावं."

"किती वेळ झाला?"

"जेवायच्या आधी लावला होता."

ताई दारात आली होती. हातातलं फडकं तसंच होतं.

"औषध कुठाय, औषध?" दाजी स्वतःशीच बोलत होते. फळीवरची क्लोरीन मारायच्या औषधाची बाटली त्यांनी उलटी केली. टब पहिल्यांदा नळाच्या पाण्याने भरला, तेव्हाच ती संपली होती. माशांचं दुकान रविवारी बंद. "हायपो," ते माझ्याकडे वळून म्हणाले. "फोटो धुवायचा हायपो. तोच खडा असतो. कोपऱ्यावरच्या फोटोवाल्याकडे असेल, पळ."

तेवढ्यात ताई ओरडली, "अहो, म्हातारी!"

म्हातारी काठाशी आली होती. दाजी रोज बसतात तिथेच. तिचं अंग एका बाजूला कलत होतं, ती सावरत होती, पुन्हा कलत होती.

"टबात टाका तिला!" ताई म्हणाली. "टबातलं पाणी चांगलं आहे ना?"

टब तीन पावलांवर होता. त्यात म्हातारी मावली असती. दाजींनी जाळी उचलली, तिच्याखाली नेली, आणि थांबले.

"त्याच्या अंगावर किडे असतील तर?"

"असले तर असले! उद्या बघू!"

"कल्ले जळलेत तिचे. त्यावर किडे चढले तर ती वाचत नाही. मग तिला परत तळ्यात आणली की बाकीचेही जातील." त्यांचा आवाज वर चढला. "दहाजण आहेत अजून!"

"माणूस आहात की नियमाचं पुस्तक?"

दाजींनी जाळी खाली ठेवली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "अजून इथेच आहेस?"

मी चपलांवरच पळालो. फोटोवाल्याचं दुकान अर्धं बंद होतं. हल्ली तो फक्त पासपोर्टचे फोटो काढतो. आत खुर्चीवर डुलक्या काढत होता. मी हायपो म्हणालो, तर तो म्हणाला, "साहेब, गेल्या कित्येक वर्षांत तो कुणी मागितला नाही."

"आहे का?"

"आहे म्हणजे... काय धुवायचंय?"

"मासे मरतायत."

तो उठला. मागच्या अंधाऱ्या खोलीत गेला. मला डबे सरकवण्याचा आवाज येत होता, त्याचं पुटपुटणं ऐकू येत होतं. मी काउंटरवर बोटं आपटत होतो. शेवटी तो कागदाच्या पुडीत पांढरे खडे घेऊन आला. मी पुडी हातातून ओढूनच घेतली. पाकीट ताईकडे राहिलं होतं. "नंतर, नंतर द्या," तो म्हणाला, "पळा."

परत आलो तेव्हा दाजी कंबरभर पाण्यात उभे होते, कपड्यांसकट. दोन्ही हातांच्या ओंजळीत म्हातारीला धरून हवेच्या नळीच्या तोंडापाशी पुढेमागे करत होते, म्हणजे कल्ल्यांतून पाणी वाहत राहील. ताईने बादलीत खडे विरघळवले. आम्ही दोघांनी ते पाणी तळ्यात सगळीकडे फिरवून ओतलं.

"हवा वाढव," दाजी म्हणाले. "दुसरा पंप लाव."

मी लावला.

थोड्या वेळाने मोठ्या माशांतला एक सावरून खाली पोहत गेला. मग आणखी एक. तोंडं मिटून, सावकाश. ताई मोजत होती, पुन्हा पुन्हा, आणि दर वेळी आकडा मनातच ठेवत होती. दोन लहान मासे गेले, ते मीच जाळीने काढले. दाजी संध्याकाळपर्यंत पाण्यातून बाहेर आले नाहीत. ओंजळीतली म्हातारी कधी गेली ते त्यांनी सांगितलं नाही. ताईने वरून पाहिलं आणि टॉवेल आणायला आत गेली.

आठ मासे वाचले.

पिवळा मासा मंगळवारी अंग घासायचा थांबला. दाजींनी माशांच्या डॉक्टरला बोलावलं. त्याने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर काचेवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्याला एकही किडा दिसला नाही. नव्या टबाने त्रास झाला असेल, बाकी मासा ठणठणीत आहे, असं तो म्हणाला. दाजींनी मान डोलावली. ताई शेजारी उभी होती. ती काही बोलली नाही, आणि मला वाटतं, यापुढेही बोलणार नाही.

डॉक्टर निघताना म्हणाला, "काका, आता सोडून द्या तळ्यात. कशाला थांबताय?"

"तीन आठवडे," दाजी म्हणाले.

"अहो, पण मी तपासलाय ना?"

दाजींनी दुसरा कान पुढे केला. डॉक्टरने पुन्हा सांगितलं. दाजींनी पुन्हा तेच उत्तर दिलं. मासा टबात पूर्ण तीन आठवडे राहिला आणि त्यानंतरच तळ्यात गेला.

हायपोचे चाळीस रुपये फोटोवाल्याला द्यायचे राहिले आहेत.