दोघांसाठी एकच औषध

सासरे अर्धांगाने खाटेला खिळले, तेव्हा नवऱ्याने देवासमोर सांगणं केलं: बाबा उठून चालेपर्यंत घरात मासळी शिजणार नाही. सांगणं त्याचं, अडकले मी. तो तुयेच्या कारखान्यात जायचा. मुळगावच्या घरात मी, बाबा आणि आमची कुत्री, तिघंही वर्षभर वरणभातावर. नोकरी मी सोडलीच होती. बाबांना एकटं टाकून कोपऱ्यावरच्या दुकानातही जाता येत नसे. राग यायचा मला. कुणाचा, ते विचारू नका, सगळ्यांचाच.

मग कुत्री मागच्या पायांनी अडखळू लागली. नवऱ्याच्या सुटीच्या दिवशी मी तिला डिचोलीला नेलं. रक्त तपासून डॉक्टर म्हणाले, ड जीवनसत्त्व फारच कमी आहे.

"रोज अंगणात उन्हात असते की," मी म्हटलं.

कुत्र्यांना ते उन्हातून पुरेसं मिळत नाही, खाण्यातूनच लागतं, असं त्यांनी समजावलं. आमच्याकडे तर माशांची डोकी बंद! त्यांनी गोळ्या दिल्या. गोळी उंड्याच्या, म्हणजे गोल पावाच्या, मऊ भागात लपवली, तर बाईसाहेब उंडा खाऊन गोळी नेमकी खाटेखाली थुंकायच्या. मग तेलातले थेंब आणले. ते भातावर घातले की चाटूनपुसून साफ. शिवाय थेंब मोजता येतात. मी अगदी निश्चिंत झाले.

दोन महिन्यांनी ती ओकू लागली. भांडंभर पाणी प्यायची आणि तिथेच पडून राहायची. मी डॉक्टरांना फोन लावला. थेंबांशिवाय आणखी काही देता का, त्यांनी विचारलं.

"काहीच नाही," मी ठासून सांगितलं.

"माजी पुडी," खाटेवरून बाबा म्हणाले.

बाबांनाही हेच जीवनसत्त्व कमी होतं. आठवड्याची त्यांची पुडी मी दुधात कालवून त्यांच्या चांगल्या हातात द्यायचे आणि कामाला वळायचे. तो पेला ते खाटेखाली तिच्या तोंडाशी धरत होते. माणसाची पुडी, दर रविवारी, वर माझे थेंब.

"ताबडतोब आणा," डॉक्टर म्हणाले. "जास्त झालं की मूत्रपिंडं जातात."

नवरा पाळीवर, फोन लागेना. कुत्री मांडीवर धापा टाकत होती आणि मी बाबांकडे बघत बसले.

"घेवन जा गो तिका," ते म्हणाले.

त्यांच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला, बाहेरून कडी घातली आणि रिक्षात बसले.

संध्याकाळी एकटीच परतले. बाबांचं अंथरूण ओलं झालं होतं. त्यांनी आधी तिचंच विचारलं. सलाईन लावलंय, तीन दिवसांनी कळेल, मी सांगितलं. चादर बदलताना मात्र माझा तोल सुटला.

"तुमचं औषध तुम्ही का नाही घेतलंत, बाबा?"

त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

"माका उठान खय जावचा आसा? तिका तरी धावांदे."