मेईचा डबा

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, बहिणीजवळ नाही, देवासमोर हात जोडतानाही विषय टाळला. आता टाळण्याचाही कंटाळा आलाय, म्हणून तुम्हाला सांगते. तुम्ही मला ओळखत नाही – ते बरंच आहे.

इथे अमिरातीत, रास अल खैमात आमचं लहानसं मराठी मंडळ आहे. मोजकी कुटुंबं, बहुतेक सिरॅमिकच्या नाहीतर सिमेंटच्या कारखान्यांत नोकरीला. गणपती, कोजागिरी, संक्रांत, आणि दर शनिवारी मुलांचा मराठीचा वर्ग. तो वर्ग मी घेते. परदेशात मराठी टिकवणारी बाई म्हणून माझं कौतुक व्हायचं आणि ते मला आवडायचं. का नाही आवडणार?

मेई आमच्या मंडळातल्या प्रशांतची बायको. चीनची. दोघं टाइल्सच्या एकाच कंपनीत भेटले. लग्नानंतर ती मंडळात आली आणि – काय सांगू – आमच्यातलीच होऊन गेली. मुलगा ईशान वर्गात यायला लागला, तेव्हा त्याच्या मागच्या बाकावर ही स्वतः वही घेऊन बसायची. ‘ळ’ म्हणताना जीभ वळायची नाही, मग स्वतःच हसायची. मला ताई म्हणायची. मला ती आवडायची, हे खोटं नाही. म्हणूनच पुढचं सांगायला जड जातंय.

त्या वर्षी गणपतीत ईशाननं स्टेजवर गोष्ट सांगितली. न अडखळता, हातवारे करत, खणखणीत मराठीत. टाळ्या थांबेनात. त्याच्यानंतर माझी रिया – मराठीच्या बाईंची मुलगी. दोन वाक्यं बोलली आणि माइकवरूनच मला म्हणाली, “मम्मा, आय फरगॉट. कॅन आय गो?” लोक हसले, वाईट मनानं नव्हे. पण जोशीकाकू, मंडळातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या, मला म्हणाल्या, “बघ गं, चिनी आईचं पोर किती छान बोलतं!” मी हसून मान डोलावली. आत नुसता जळफळाट. कुणावर? त्या पोरावर? त्यालाही मीच शिकवलं होतं ना?

मग कोजागिरी आली. मेईचा फोन आला. तिच्याकडेही चंद्राचा सण असतो, त्याला मूनकेक करतात, ते आणले तर चालतील का? तिकडे त्यात चरबी घालतात, हे तिनंच मला सांगितलं. मग इथे काय घालू, असं विचारलं. मीच म्हटलं – साजूक तूप घाल, आत खजूर भर. तिनं करून पाहिले, बिघडले, पुन्हा केले, आणि एक मला चाखायला आणून दिला. छान झाला होता. मी खाल्ला होता, कळतंय का? त्यात काय आहे ते मला माहीत होतं.

समुद्रकाठच्या बागेत सगळे जमलो. मसाला दूध माझ्याकडे होतं, खाण्याचं टेबलही माझ्याकडे. मेईनं डबा आणून उघडला. प्रत्येक मूनकेकवर नक्षी आणि मधोमध तिनं साच्यात स्वतः कोरलेला ‘श्री’. लोक गोळा झाले, फोटो काढू लागले. पुन्हा मेई, पुन्हा तेच कौतुक. जोशीकाकूंनी हात पुढे केला आणि मी त्यांच्या कानाशी वाकले. “काकू, तुम्ही नका घेऊ. त्यांच्यात ह्यात चरबी घालतात. कसली, ते विचारू नका.”

एवढंच. ‘तिनं घातलीय’ असं नाही म्हटलं – ‘त्यांच्यात घालतात’ म्हटलं. किती जपून बोलले मी! काकूंचा हात मागे गेला. त्यांनी सुनेला सांगितलं, सुनेनं आणखी कुणाला. कुणी चिडलं नाही, कुणी मेईला काही विचारलं नाही – आपली माणसं सभ्य. फक्त डबा तसाच राहिला. लोक त्याच्या पलीकडे हात घालून चिवडा घेत होते. ईशान एक मूनकेक खात इतर पोरांना सांगत होता, “घे ना, माझ्या आईनं केलेत.” आणि त्या पोरांच्या आया त्यांना हाका मारत होत्या.

निघताना मेई डबा घेऊन माझ्याजवळ आली. “ताई, टेस्ट अच्छा नहीं था क्या? सच बोलो.” काकू तिथेच, हाकेच्या अंतरावर चपला घालत होत्या. एक वाक्य बोलले असते तर सगळं मिटलं असतं. मी म्हटलं, “अगं, सगळ्यांचं पोट भरलं होतं.” तिनं डब्याचं झाकण लावलं.

त्यानंतर ईशान वर्गाला येईनासा झाला. फुटबॉल असतो म्हणे. काकू कायमच्या पुण्याला गेल्या, तोच समज मनात घेऊन. मेईच्या कानावर ती चरबीची गोष्ट कधीतरी गेलीच. कुणी सुरू केली, ते मात्र कळलेलं नसावं – कारण अजून ती मला ताईच म्हणते. ते ऐकून ऐकून मी दमलेय.

मेई मंडळात येते, पण घरी केलेलं काही आणत नाही. शारजाला जाऊन तिथल्या आपल्या भारतीय दुकानातून बिस्किटांचे बंद पुडे आणते. परवाच्या संक्रांतीलाही आणले. टेबलावर मांडताना एकेक पुडा हातानं फिरवत होती – शाकाहारीचा तो हिरवा ठिपका सगळ्यांना दिसेल असा. मी तिच्या शेजारीच उभी होते, तिळगुळाचं ताट धरून.