कानिफचे सात टप्पे

कानिफनाथला पळताना मागून पाहिलं, की त्याच्या डोक्यावर काहीतरी ओझं आहे असं वाटायचं. मान ताठ, पाठ सरळ, पावलं आखूड आणि भराभर. डोक्यावर काही नसायचं, पण बारा वर्षं होतं. आमच्या पाथर्डी तालुक्यातली कितीतरी घरं दिवाळी झाली की कुलूप लावून ऊस तोडायला कारखान्यावर जातात. कानिफ दहाव्या वर्षापासून आईबापाबरोबर जात होता. उसाची मोळी डोक्यावर घ्यायची आणि हातभर रुंदीच्या फळीवरून ट्रकवर चढायचं. लांब पाऊल टाकलं की फळी झोका घेते आणि माणूस मोळीसकट खाली. मान हलली तरी तेच. कानिफची पळण्याची ढब त्या फळीवर घडली होती. श्रेय मात्र आमच्या हायस्कुलातले खेळाचे शिक्षक काकासाहेब सर घ्यायचे.

सर स्वतः आयुष्यात आठशे मीटरच्या पुढे पळाले नव्हते, पण मॅरेथॉनवरचं एक पुस्तक त्यांनी इतकं वाचलं होतं की त्याची पानं पत्त्यांसारखी सुटी झाली होती. त्यांनी कानिफची एकच खोड मोडली. तो मुठी आवळून पळायचा, कोयता धरल्यासारखा. सरांनी त्याच्या उजव्या मुठीत बत्तासा द्यायला सुरुवात केली. पळून आल्यावर बत्तासा अख्खा दिसला पाहिजे. मूठ आवळली की खांदा आवळतो, खांदा आवळला की श्वास, असं सरांचं म्हणणं. पहिले पंधरा दिवस बत्ताशाचा चुरा झाला. मग अख्खा येऊ लागला, आणि घामात भिजलेला तो बत्तासा कानिफ आमच्यादेखत चवीने खायचा. मी त्याला म्हणायचो, प्रसाद म्हणून आम्हालाही दे की.

चौऱ्याण्णवच्या पावसाळ्यात सरांना एक बातमी कळली. एका सरकारी खात्यात खेळाडूंसाठी जागा निघाल्या होत्या. जानेवारीत पुण्याला चाचणी. पूर्ण मॅरेथॉन पावणेतीन तासांच्या आत पळेल त्याची निवड, वयाची अट तेवीस. कानिफला तेविसावं चालू होतं. म्हणजे एकदाच.

सराव करायचा तर दिवाळीनंतर गावात राहायला हवं, आणि गावात राहायचं तर फडात दोन हात कमी. त्याच्या घरात यावर चार दिवस कुणी कुणाशी धड बोललं नाही. पाचव्या दिवशी त्याची धाकटी बहीण राजेश्वरी म्हणाली, एक वर्ष मी जाते. ती नववीत होती, वर्गात दुसरी. ठरलं असं, की कानिफला नोकरी लागली की राजी परत शाळेत. हेडमास्तरांनीही तिचं नाव कमी केलं नाही, नुसती गैरहजेरी लावायची म्हणाले.

राहिला प्रश्न अंतराचा. बेचाळीस किलोमीटर मोजायचे कशाने? आमच्या रस्त्याचे मैलाचे दगड लोकांनी केव्हाच धुणं धुवायला नेले होते. इथे मी पुढे झालो. माझे वडील एसटीत कंडक्टर होते. अठ्ठ्याऐंशी साली निवृत्त झाले, पण भाड्याचा तक्ता घरच्या ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवलेला होता. एसटीचा एक टप्पा सहा किलोमीटरचा. आमच्या फाट्यापासून शेवगावच्या स्टँडपर्यंत बरोबर सात टप्पे. सात सक बेचाळीस. शोध लावल्यासारखा मी सरांना घरी आणून पेन्सिलीने खुणा करत तो तक्ता दाखवला. सरांनी माझी पाठ थोपटली. मॅट्रिकपर्यंत ती कुणी थोपटली नव्हती, म्हणून लक्षात आहे.

मंगळवारी घाट, गुरुवारी शाळेच्या मैदानावर वेगाच्या चकरा, रविवारी सात टप्पे. रविवारी पहाटे तो पळायचा आणि मी सरांचं घड्याळ हाताला बांधून सायकलवर मागे. वाटेत मिनिटं ओरडून सांगायची, गुळाचं पाणी द्यायचं आणि शेवगावला पोचल्यावर एकूण वेळेला सातने भागायचं, एवढं माझं काम. डिसेंबरपर्यंत त्याची लय अशी बसली की घड्याळ बघायची गरज उरली नाही. एका रविवारी टप्प्याला सरासरी एकवीस मिनिटं. पुढच्या रविवारी एकवीस. त्याच्या पुढच्यालाही एकवीस. दोन तास सत्तावीस मिनिटांत शेवगाव. स्टँडवरच्या चहावाल्याने तर सांगून टाकलं, की एसटी चुकली तर आता कानिफाच्या पाठुंगळी बसून जायचं. पावणेतीन तासांना अठरा मिनिटं हातात होती. सरांनी साहेबांना भेटायला घालायचा सदरासुद्धा शिवायला टाकला. स्वतःचा.

जानेवारीत पुण्याला गेलो. तिथे रस्त्यावर किलोमीटरच्या पाट्या लावलेल्या. कानिफ सुटला तो नेहमीच्याच ढबीत, मान ताठ, मुठीत बत्तासा. मी मागून आणलेल्या सायकलवर कडेकडेने. सहा किलोमीटरची पाटी आली. मी घड्याळात पाहिलं. तेवीस.

पुन्हा पाहिलं. तेवीसच. आणि मी ओरडलो, "कानिफा, दोन मिन्टं मागं हाईस!"

पळताना त्याने कधी मान वळवली नव्हती. तेव्हा वळवली. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि वेग वाढवला. पुढच्या सहा किलोमीटरला साडेवीस मिनिटं. मी खूश. त्याच्या पुढच्या सहालाही तेवढीच. चोवीस किलोमीटरपर्यंत तो असा पळाला की अंगात सैन्याचे बनियन घातलेले दोघं त्याच्याकडे वळून बघत होते. तिसाव्याच्या सुमाराला त्याची मान डुलायला लागली. फळीवर माणूस पडायच्या आधी तशी डुलते, हे त्याच्याकडूनच ऐकलेलं. बत्तिसाव्याला तो चालायला लागला. मग पळाला, मग परत चालला. मी काहीबाही ओरडत होतो, त्यातलं त्याला काही ऐकू जात नव्हतं हे बरंच.

दोन तास एक्कावन्न मिनिटं. सहा मिनिटांनी नोकरी गेली. सरांनी घड्याळ पाहिलं नाही, त्याची मूठ उघडून पाहिली. आत चिकट पीठ होतं.

परतताना एसटीत तो खिडकीकडे तोंड करून म्हणाला, "आपलं काळीजच ल्हान हाय." चार दिवसांनी तो उरलेल्या हंगामासाठी फडात निघून गेला. जाताना कॅनव्हासचे बूट सरांच्या दारात ठेवून गेला.

फेब्रुवारीत वडिलांनी ट्रंक उघडली आणि तक्त्यावर पेन्सिलीच्या खुणा कुणी केल्या म्हणून विचारलं. मी सांगितलं. ते आधी हसले.

"अरे, हा जुना तक्ता. नव्वद साली पूल झाला, तेव्हा तळ्याचा वळसा गेला की. नंतर टप्पेबी नवे लागले."

मला पूल ठाऊक होता. सरांना ठाऊक होता. कानिफ तर दर रविवारी त्याच्यावरून पळत होता. वळसा गेला हे गावात सगळ्यांना माहीत होतं, त्याच्याबरोबर किलोमीटरही गेले हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. एसटीने टप्पे बदलले होते, आम्ही बदलले नव्हते. शेवगावातल्या एकाची मोटारसायकल मागून आणली आणि तिच्या काट्यावर मी तो रस्ता मोजला. अडतीस भरला. सरांनी फळ्यावर त्रैराशिक मांडलं. नेहमीच्या लयीत कानिफ पूर्ण मॅरेथॉन दोन तास त्रेचाळीस मिनिटांत पळाला असता. त्या दिवशी सहाच्या पाटीला तेवीस आलं ते बरोबरच होतं. सरांनी फळा पुसला.

कानिफची टोळी देवळाली प्रवराच्या बाजूला होती. मी गेलो तेव्हा ट्रक भरणं चाललं होतं. त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्याने दोनदा सांगायला लावलं.

"म्हंजी म्या माज्या लयीत ऱ्हायलो असतो तर?"

"लागला असतास."

"मंग तू वरडलास कामून?"

मी तक्त्याचं परत सांगायला लागलो, तसा त्याने हात वर केला. पलीकडे राजेश्वरी वाढ्यांनी, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या पात्यांनी, मोळ्या बांधत होती. तिच्या दोन्ही तळव्यांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. वैशाखात तिचं लग्न ठरलं होतं, हे मला तिथेच कळलं.

"राजीला सांगू नको," तो म्हणाला. "भाऊ कमी पडला म्हनून ती गप हाय. कागदापायी गेलं म्हनलं तर तिला जन्मभर सलंल."

तेवढ्यात तीच काळा चहा घेऊन आली. हसत म्हणाली, "काय कंडक्टरदादा, एवढ्या लांब? कितव्या टप्प्याला उतरलात?"

कानिफ हसला, म्हणून मीही हसलो. चहा पिऊन त्याने डोक्यावर फडक्याची चुंबळ ठेवली, दोघांनी मोळी उचलून दिली आणि तो फळीकडे गेला. आखूड पावलं, ताठ मान. मी खाली उभा होतो. या वेळी तोंड मिटून.