कमावलेला आवाज

पुण्याहून आलेल्या त्या कोटवाल्या प्रशिक्षकाचा मला पहिल्याच दिवशी राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. आमच्या शिक्षण संस्थेने शिक्षकांसाठी दर रविवारी भाषणकलेचं शिबिर ठेवलं होतं. ओळख करून द्या म्हणाला म्हणून मी उभी राहिले, नाव सांगितलं, शाळा सांगितली. या गृहस्थाने सगळ्या शिक्षकांसमोर दोन्ही कानांत बोटं घातली आणि हसत म्हणाला, "मॅडम, आपण बाजारात नाही आहोत." सगळे फिदीफिदी हसले. त्यात माझ्या शेजारच्या बाईही होत्या, ज्या रोज माझ्या डब्यातली भाजी खातात.

माझं माहेर खासबागेत, मागावर साड्या विणणाऱ्यांचं. माग चालू असताना चटणी वाढ म्हणायचं तरी ओरडावं लागतं. आमच्याकडे कुणी हळू बोललं की त्याला ताप आलाय असं समजायचे. हे त्या कोटवाल्याला कोण सांगणार? आणि मी तरी का सांगू?

पहिल्याच दिवशी उठून जाणार होते. गेले नाही, कारण माझा पाचवीचा मराठी माध्यमाचा वर्ग. संस्थेला तो बंद करायचा होता आणि मुलांना शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या शाळेत पाठवायचं होतं. माझी पोरं शहापूर-खासबागच्या गल्ल्यांतून चालत येतात. आईबाप दिवसभर मागावर. दोन बस बदलून पोरींना कोण पाठवणार? मुलगे कसेबसे जातील, पोरी घरात बसतील आणि मागासाठी सुताच्या कांड्या भरतील, हे मला स्वच्छ दिसत होतं. संस्थेच्या बैठकीत यावर मी एकदा बोलले होते. तेव्हा दुसऱ्याच वाक्याला आवाज चिरकला, खोकला आला, आणि एका संचालकाने शेजाऱ्याला कन्नडमध्ये विचारलं, ही भांडायला आली आहे का? मला कन्नड येतं हे त्याला ठाऊक होतं. आता शेवटची बैठक उरली होती, आणि ती मला वाया घालवायची नव्हती.

म्हणून त्या माणसाने सांगितलं ते सगळं केलं. जबडा सैल सोडून खोटी जांभई द्यायची. ओठ मिटून भुंग्यासारखा हुंकार धरायचा. ओठ फुरफुरवायचे. दातांत पेन्सिल धरून, लाळ गळेपर्यंत, चटईला टाचणी टोचली म्हणत बसायचं. त्या हॉलमध्ये आम्ही पन्नाशीकडे झुकलेली माणसं एकमेकांकडे तोंड करून फुरफुरत होतो आणि कुणालाही लाज वाटत नव्हती, याचीच मला लाज वाटायची.

सासर बेळगुंदीला, शहराजवळच्या खेड्यात. सकाळी परसात जाऊन सराव करायचे. सासूबाई चुलीपुढून उठून आल्या.

"काय गं, म्हशीला बोलिवतीस व्हय?"

"न्हाय ओ आत्ती. घशाचा व्यायाम हाय."

"त्याला कशाला व्यायाम? दिवसभर पोरांवर वरडतीस की! लई झालं तेवढं."

त्यांचं बरोबरच होतं. पण सगळ्यात जास्त राग आला तो या गोष्टीचा, की त्या व्यायामाचा उपयोग झाला. श्वास पोटात उतरायला लागला. मानेच्या शिरा ताणायच्या थांबल्या. वाक्याचं शेवटचं अक्षर मी पूर्वी गिळायचे, ते सुटं बाहेर पडायला लागलं. त्या माणसाने एकदा मान डोलावली, आणि मला बरं वाटलं, त्याचाही संताप आला.

बैठकीच्या दिवशी संस्थेच्या गाडी लावायच्या शेडमागे उभी राहून हुंकार भरला, गरम पाणी प्यायले आणि आत गेले. बोलले. कुठून कोणती पोर येते, तिची आई कोणत्या वेळी मागावरून उठू शकते, बस कुठे बदलावी लागते, सगळं सांगितलं. एकदाही खोकले नाही. शेवटच्या खुर्चीपर्यंत शब्द पोचत होता, माना वर झाल्या होत्या. माझं संपल्यावर चक्क टाळ्या पडल्या. मला वाटलं, जिंकलं.

अध्यक्ष म्हणाले, "वा! मॅडम, काय आवाज कमावलाय! रेडिओवर जायला पाहिजे होतं तुम्ही." मग त्यांनी चष्मा लावला, वर्ग बंद करण्याचा ठराव वाचला, हात वर झाले, आणि उप्पीट आलं. ज्याने मागे ते कन्नडमध्ये विचारलं होतं त्याने मला स्वतःच्या हाताने बशी दिली. माझ्या एकाही मुद्द्यावर कुणी ब्र काढला नाही. पूर्वी आवाज चिरकला, नीट ऐकू आलं नाही असं तरी म्हणायची सोय होती. आता त्यांना सगळं ऐकू आलं होतं.

पुढच्याच आठवड्यात अध्यक्षांनी मला ऑफिसात बोलावलं. बसा म्हणाले, चहा सांगितला. इतकी आपुलकी बघून मी खुर्चीच्या कडेवरच बसले.

"शनिवारी पालकसभा आहे. वर्गाचं पालकांना तुम्हीच सांगा. तुमच्यावर त्यांचा विश्वास आहे, आणि आता बोलताही सुंदर. जरा समजावून, गोड शब्दांत. आम्ही बोललो की उगाच आरडाओरड होते."

म्हणजे वर्ग मोडायचा यांनी, आणि त्या पोरींच्या आयांना ते पटवायचं मी. हसतमुखाने, पोटातून श्वास घेऊन. माझ्या अंगाची लाहीलाही झाली. समोरचा चहा मी उचलला नाही. उभी राहिले, पाय जरा फाकवले, खांदे सैल सोडले, सावकाश श्वास घेतला.

"सर, माझा घसा बसलाय."

एकेक अक्षर सुटं आलं. बाहेरच्या खोलीतल्या क्लार्कने टायपिंग थांबवून दारातून आत बघितलं.

"शनिवारपर्यंत बरा होईल," अध्यक्ष म्हणाले.

"नाही होणार," मी म्हणाले, त्याच आवाजात.