वाटेवरचं आडवं लाकूड

मामाचे दोन आवाज आहेत. घरचा आवाज नाकातून येतो आणि अर्ध्या वाक्यात दमून बसतो, म्हणजे "अगं, ते मीठ..." एवढंच म्हणतो आणि मीठ आपण समजून द्यायचं. दुसरा आवाज कॅमेरा डोळ्याला लागला की पोटातून निघतो. "हनुवटी खाली. खाली म्हणालो, झोपा नाही म्हणालो. श्वास घ्या म्मा, पासपोर्ट जिवंत माणसाचा काढायचाय." हत्तींच्या रानाला लागून असलेल्या आमच्या माउन गावात असं घर सापडणार नाही, ज्याच्या भिंतीवर मामानं खाली करायला लावलेली एखादी हनुवटी टांगलेली नाही.

त्याचं नाव ओलेबिले, म्हणजे 'तो बघतोय'. आजोबांनी ते देवाला उद्देशून ठेवलं होतं, पण गावाला वाटतं की कॅमेऱ्याला उद्देशूनच ठेवलं. केस विणायचं दुकान आणि टायरचं दुकान यांच्या मधे त्याचा स्टुडिओ आहे. मागे धबधब्याचा पडदा, आणि त्या धबधब्याचं खालचं टोक शेळ्यांनी खाल्लेलं.

लग्नात मात्र मामा राजा. मावश्या-आत्यांची रांग पाच दिशांना बघत असते, कुणी टोपी सारखी करतंय, कुणी शेजारणीच्या टोपीबद्दल बोलतंय. अशा वेळी मामा अंडं घातलेल्या कोंबडीचा आवाज घशातून काढतो. आधी दोन-तीन बारीक ठसके, मग एकदम उंच, अपमान झाल्यासारखा. झाडून सगळी रांग वळून बघते, आणि मामा तेवढ्यात बटण दाबतो. केनेइलवेच्या लग्नात तिच्या आजोबांनी हसणार नाही अशी शपथच घेतली होती, कारण नवरा त्यांना पसंत नव्हता. कोंबडीनं ती शपथ मोडली. तो फोटो केनेइलवेनं अजून जपून ठेवलाय, आणि पुढची सगळी गोष्ट त्या फोटोमुळेच घडली.

केनेइलवे फोटो काढणाऱ्या पाहुण्यांना रानात घेऊन जाते. एका गाडीत पाचच माणसं, जास्त नाही. तिच्या कंपनीचा रिवाज असा की दर हिवाळ्यात एक जागा माउनच्या माणसासाठी ठेवायची. यंदा तिनं मामाचं नाव सांगितलं. ती बोलते ते बशीत कप ठेवावा तसं, जराही आवाज न होऊ देता. "रा ओलेबिले," ती स्टुडिओच्या दारात म्हणाली, आमच्याकडे मान देऊन पुरुषाला 'रा' आणि बाईला 'म्मा' म्हणतात तसं, "तुमच्यासाठी जागा ठेवलीय." मामा म्हणाला की हत्ती हनुवटी खाली करत नाही, मग त्याचा काय उपयोग. बकऱ्या सोडून जनावराचा फोटो त्यानं जन्मात काढला नव्हता. तो नाहीच म्हणाला असता, पण आत खुर्चीत आजी बसली होती.

आजीचा डावा डोळा कधीच गेला होता, आणि उजव्यात धुकं उतरायला लागलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की आता चाकू लावून उपयोग नाही, जे बघायचं ते बघून घ्या. सगळ्यांनी विचारलं, काय बघायचंय? नातवंडं बघायची का, चर्च बघायचं का? आजी म्हणाली, झाड.

ती जन्मली ते झाड. तिची आई पोटुशी असताना होडीतून माहेरी निघाली होती, आणि वाटेतल्या बेटावर एका मोपोरोतोखाली आजी झाली. मोपोरोतोला दुधीएवढाली फळं दोरीनं बांधल्यासारखी लोंबतात, त्यामुळे ते सहज ओळखू येतं. पण आजीच्या झाडाची आणखी एक खूण होती. त्याला दोन खोडं. एक सरळ, आणि दुसरं आधी दारुड्यासारखं जमिनीवर आडवं पडतं, मग काहीतरी आठवल्यासारखं उठून उभं राहतं. लहानपणी ती तिथे जायची. पुढे तो भाग राखीव झाला, माणसं बाहेर आली, आणि आजीचे पाय पुन्हा तिकडे वळले नाहीत. झाडाची गोष्ट मात्र तिनं इतक्यांदा सांगितली होती की घरातलं कुणीही ते झोपेत काढून दाखवेल.

"त्या बाजूला जाता का?" मामानं केनेइलवेला घरच्या आवाजात विचारलं.

"शेवटच्या दिवशी," ती म्हणाली. मामानं कॅमेऱ्याची पिशवी उचलली.

गाडीत त्याच्याबरोबर जोहान्सबर्गच्या दोन बहिणी होत्या. त्या एकच वाक्य दोघींत वाटून बोलायच्या. आणि डेन्मार्कचा येन्स नावाचा म्हातारा होता, जन्मभर लोकांचे दात काढलेला दंतवैद्य. तो 'हो' म्हणताना श्वास बाहेर सोडायच्या ऐवजी आत ओढायचा, गरम चहाचा पहिला घोट घ्यावा तसा. मामाला वाटायचं की त्याला दम लागलाय. पहिल्या दिवशी त्यानं दोनदा पाणी पुढे केलं.

येन्सकडे कॅमेऱ्याला लावायचं हातभर लांब भिंग होतं, आणि ते टेकवायला चवळीनं भरलेली कापडी पिशवी. मामा म्हणाला की आमच्याकडे चवळी कॅमेऱ्याखाली घालत नाहीत, मिठाबरोबर शिजवतात. येन्सनं श्वास आत ओढला.

पहिल्याच सकाळी फजिती झाली. हरणांचा कळप रस्त्याकडे पाठ करून चरत होता, नुसत्या शेपट्याच शेपट्या. मामानं कॅमेरा उचलला, आणि सवयीनं घशातली कोंबडी सुटली. सगळा कळप एकदम वळला. कान उभे, डोळे मोठे, एकूण एक मान वर. लग्नात असा फोटो मिळाला असता तर नवऱ्याच्या आईनं मामाचा हात धरून आभार मानले असते. इथे बहिणींनी डोक्याला हात लावला, आणि कळप उड्या मारत झाडीत नाहीसा झाला.

केनेइलवेनं आपल्या बशीत कप ठेवणाऱ्या आवाजात विचारलं. "रा, तुम्ही जेवायला बसलेले असताना कुणी कानाशी टाळी वाजवली तर?"

मामा म्हणाला, "मी वर बघीन."

"आणि जेवण?"

मामानं कॅमेरा मांडीवर घेतला. रानात तिचा नियम एवढाच होता. कुणाला बोलवायचं नाही, उठवायचं नाही, वाट सोडून आत घुसायचं नाही. जनावरानं आपल्याकडे बघितलं म्हणजे त्यानं हातातलं काम टाकलं. आपण गप्प बसायचं, त्याचं काम चालू असताना जे दिसेल ते आपलं.

मामाला हे फार जड गेलं. म्हशी उलटसुलट उभ्या दिसल्या की तो ओठांत पुटपुटायचा, "मागच्या रांगेतल्या, जरा पुढे." जिराफ पाणी प्यायला वाकलं तेव्हा त्यानं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं, कारण हनुवटी आपसूक खाली आली होती आणि त्याला शाबासकी द्यायची होती. हळूहळू मात्र पुटपुट कमी झाली. एका दुपारी तो हत्तीणीकडे बघत इतका वेळ शांत बसला की कॅमेरा आहे हेच विसरला. ती पायानं गवताचा जुडगा सैल करायची, सोंडेनं उपटायची, गुडघ्यावर आपटून माती झाडायची, मग तोंडात. आजी भाजी अशीच झटकते, मामानं घरी आल्यावर सांगितलं, फक्त गुडघ्याऐवजी परातीवर.

शेवटच्या दिवशी गाडी बेटाकडे निघाली. पाणी ओसरल्यामुळे बेट आता बेट उरलं नव्हतं, गवताच्या समुद्रातला एक उंचवटा झाला होता. मामानं लांबूनच ओळखलं. एक खोड सरळ, दुसरं आडवं पडून उठलेलं. तो जागेवरून अर्धा उठला. अजून थोडं पुढे गेलं की फळं दिसतील, खोडावरच्या भेगा दिसतील, आजीला बोटानं दाखवता येईल इतकं सगळं नीट दिसेल.

आणि गाडी थांबली. वाटेवर लाकूड आडवं पडलं होतं.

मामा म्हणाला की हत्तींनी पाडलंय, बाजूनं घे. केनेइलवेनं गाडी हलवली नाही. मामा म्हणाला की इथे पावलापावलाला झाडं पाडलेली असतात, रोज वळसे घालतोच की आपण. तिनं इंजिन बंद केलं. मग त्याचा पोटातला आवाज निघाला, "बाई, माझ्या आईला दिसेनासं होतंय. उद्या आपण परत जाणार. बाजूनं घे."

"रा," ती म्हणाली, "लाकूड नीट बघा. हत्ती फांद्या तासून ठेवतो का?"

मामानं बघितलं. फांद्या कुऱ्हाडीनं साफ केलेल्या, आणि लाकूड वाटेच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ ठेवलेलं, अंगणाच्या तोंडाशी ठेवतात तसं. तो हळूच खाली बसला.

"आत कोण आहे?"

"रानकुत्री व्यालीय. झाडाखालच्या वारुळात. गेल्या आठवड्यात मीच ठेवलं लाकूड. तुमचं झाड हेच, ते आत्ता कळलं."

"किती पिल्लं?"

"मोजायला गेले नाही."

मागून येन्स विचारत होता की आपण का थांबलोय. पिल्लं बघायला तो अर्धं जग ओलांडून आला होता, आणि हातभर लांब भिंग मांडीवर तयार होतं. केनेइलवे काही सांगण्याआधी मामाच त्याच्याकडे वळला. म्हणाला, आमच्याकडे बाळंतीण घरात असली की दाराशी लाकूड आडवं ठेवतात. रस्ता तुडवून आलेल्या माणसाच्या पायाला रस्त्याची उष्णता असते, ती बाळाला बाधते. लाकूड दिसलं की सख्खा भाऊसुद्धा बाहेर थांबतो. येन्सनं विचारलं, किती दिवस? मामा म्हणाला, तीन महिने. येन्सनं थोडा विचार केला. "आमच्याकडे माझी सासू पहिल्या तासात आली," तो म्हणाला, "आणि तीन महिने राहिली." त्यानं लांब भिंग मांडीवरून उचललं आणि पायाशी ठेवून दिलं.

मग मामानं जे केलं ते कुणी शिकवलेलं नव्हतं. आमच्या गावात कुणाच्या अंगणात शिरताना बाहेरून "को-को" म्हणतात आणि आतून उत्तर येईपर्यंत उभं राहतात. मामानं गाडीच्या कठड्यावर हात ठेवले आणि ओठांतल्या ओठांत म्हणाला, "को-को." उत्तर आलं नाही. उत्तर आलं नाही म्हणजे आत जायचं नाही, हे माउनच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आवाज केला म्हणून केनेइलवेनंही त्याला टोकलं नाही.

झाड तिथून काडीपेटीएवढं दिसत होतं. येन्सनं आपलं लांब भिंग मामाला देऊ केलं, पण दोघांच्या कॅमेऱ्यांची घराणी वेगळी, सोयरीक जमेना. मग त्यानं आपली कडेची जागा मामाला दिली, आणि चवळीची पिशवी कठड्यावर नीट बसवून दिली. गाडी हलू नये म्हणून बहिणींनी श्वास धरला. केनेइलवेनं धरला. येन्सनं 'हो' म्हणून आत ओढला तो तसाच ठेवला. मामा सांगतो की जन्मभर त्यानं लोकांना श्वास घ्या म्हणून सांगितलं, आणि त्याच्यासाठी श्वास रोखणारी माणसं पहिल्यांदा तिथे भेटली. त्यानं बटण दाबलं.

घरी येईपर्यंत मात्र त्याचं तोंड उतरलं होतं. फोटो मोठा करून छापला, तरी झाड बोटाएवढंच, उन्हानं थरथरलेलं. आजी अंगणात उन्हाला बसली होती. मामा तिच्यापुढे उकिडवा बसला आणि घरच्या आवाजात म्हणाला, "आई, जवळ जाता आलं नाही..." आणि वाक्य तिथेच दमलं.

आजीनं फोटो उजव्या डोळ्याला नाक टेकेल इतका जवळ नेला. मग तिच्या नखानं एक रेघ ओढली. रेघ आडवी गेली, आणि उठली.

"पडलं नाही अजून," ती म्हणाली. "इतक्या लांबून का काढलास रे?"

"लाकूड आडवं होतं."

आजीची मान वर झाली. "कोण बाळंतीण?"

मामानं सांगितलं. रानकुत्री, झाडाखालचं वारूळ, पिल्लं मोजली नाहीत. आजी ऐकत होती, आणि मग तिचे खांदे हलायला लागले. ती रडतेय असं वाटून मामा पुढे झाला, तर ती हसत होती.

"माझ्या वेळी लाकूड कुठलं मिळणार," ती म्हणाली. "सगळीकडे पाणी. बापानं होडी ढकलायची काठी आडवी टाकली. मग होडी कशानं ढकलायची? काठी उचलायची तर लाकूड उचलल्यासारखं. तोही बसला अडकून. मासे धरायचा आणि बाहेरून आत टाकायचा. आई आयुष्यभर त्याला त्यावरून चिडवायची." तिनं डोळे पुसले, दोन्ही. "बरं केलंस बाहेर थांबलास. माझीच जागा आहे ती. आता तिची आहे. आणि हे काळं टिंब काय?"

मामा वाकला. त्याला ते आधी दिसलंच नव्हतं. गवताच्या वर, आडव्या खोडाजवळ, गोल.

"कान," तो म्हणाला. "तिचा कान आहे, आई."

आजी पुन्हा फोटोत शिरली. मामानं पिशवीतून कॅमेरा काढला. तिची हनुवटी वर होती, डोक्याचं फडकं सरकलेलं, चेहऱ्याचा अर्धा भाग फोटोमागे. पोटातला आवाज निघेल म्हणून घरातले सगळे वाट बघत होते. निघाला नाही. कोंबडीही ओरडली नाही. मामा उकिडवा बसून राहिला, पाय भरून आले तरी बसून राहिला. आजीचं बोट त्या टिंबापाशी जाऊन थांबलं आणि ओठ हलले. काय म्हणाली ते ऐकू आलं नाही, पण आकार 'को-को' असा होता. तेव्हा त्यानं बटण दाबलं.

तो फोटो आता स्टुडिओच्या काचेत आहे, बरोबर मधोमध. झाडाचा फोटो आजीच्या उशाशी असतो. तिला आता झाड दिसत नाही, पण नखानं रेघ ओढता येते. येन्सनं चवळीची पिशवी मामालाच देऊन टाकली. आजीनं ती तीनदा शिजवायला मागितली, तीनदा मामानं लपवली.

टायरवाला रोज काचेपुढे थांबतो आणि तेच बोलतो. "ओलेबिले, गावभर हनुवट्या खाली करत हिंडतोस, आणि तुझ्या स्वतःच्या आईचं कॅमेऱ्याकडे लक्षसुद्धा नाही."

मामा आतून सांगतो, "ती कामात होती."